विमलताईला आणायला अड्याळला

आमच्या संघाच्या गोलकीपरचा घोटा मोडला, म्हणून मी अड्याळ पाहिलं. एरवी नागपूरची मी, भंडाऱ्याकडे जायचं काही कारणच नव्हतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. महिलांच्या राष्ट्रीय हॉकी कपसाठी विदर्भाचा संघ थोड्याच दिवसांत निघणार होता. राखीव गोलकीपर मी होते, पण नावापुरती. खरं तर मी फुलबॅक. कुणीतरी हवं म्हणून माझं नाव लिहिलेलं. चेंडू जोरात आला की मी डोळे मिटायची. आमची कॅप्टन शालूताई म्हणाली, "विमलला परत आणू." सत्तरच्या दशकात आमचा संघ याच कपच्या सेमीफायनलला पोचला होता, तेव्हा गोलात विमलताई उभी होती. आता ती लग्न होऊन अड्याळला होती.

"तू पण चल," शालूताई मला म्हणाली, "पॅड उचलायला."

माझ्याइतकं खूश कुणीच नव्हतं. विमलताई आली, की मी सुटले!

सकाळच्या एसटीने निघालो. तेव्हाचे गोलकीपरचे पॅड म्हणजे कॅनव्हास आणि वेताची अवजड चीज. ते आम्ही पोत्यात भरले होते. कंडक्टरने पोतं दाबून पाहिलं. "काय हाये बाई यात? तबले?" शालूताई म्हणाली, "हॉकी." त्यावर त्याने आम्हा दोघींकडे इतक्या काळजीने पाहिलं की मला हसू आवरेना. शहापूरला एक आजीबाई चढल्या आणि सरळ त्या पोत्यावर बसल्या. "गादी बरी हाये," म्हणाल्या. भंडारा येईपर्यंत उठल्या नाहीत.

भंडाऱ्याच्या स्टँडवर आलुबोंडे खाल्ले. तुम्ही कधी गेलात तर तिथेच खाऊन घ्या, कारण अड्याळवरून जाणाऱ्या पवनीच्या गाडीचा काही भरवसा नसायचा. रस्ता अरुंद, खड्ड्यांचा, पण दोन्ही बाजूंना डोळे निवतील असं दृश्य. धानाची कापणी झालेली, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, खुंट उभे आणि त्यांच्यामधून लाखोरीच्या डाळीचं पीक हिरवंगार वर आलेलं. मधूनच एखादा तलाव चमकायचा. मी खिडकीला नाक लावून बसले होते. शालूताई मात्र विमलताईच्या सासूशी काय बोलायचं याची तालीम करत होती. "नाही म्हणाली तर रडायचं का गं?" तिने गंभीरपणे विचारलं.

विमलताईचं घर बाजाराच्या मागे होतं. अंगणात धानाची रास आणि राशीजवळ सूप घेऊन उभी एक उंच बाई. शालूताईने हाक मारली. सूप खाली पडलं.

"शालू! काहून वं, इतक्या वर्षानं आठवण आली?"

दोघी गळ्यात पडल्या. सासूबाई बाहेर आल्या, पाणी दिलं, आधी जेवा म्हणाल्या. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि तलावातल्या झिंग्यांची झणझणीत भाजी. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दोनदा वाढून घेतलं. विमलताईचा नवरा वरठीला रेल्वेत कामाला होता. आठवडाभर तिकडेच राहायचा. म्हणजे जे काही बोलायचं ते सासूशीच. जेवण झाल्यावर शालूताईने एका दमात सगळं सांगून टाकलं. रडली मात्र नाही.

सासूबाई ऐकून म्हणाल्या, "मले कायले विचारता? मी कोनाले अडवत नाही. तिलेच विचारा."

विमलताई उठली. आम्हाला तलावाकडे घेऊन गेली. तलावाच्या काठच्या पाळीवर बसल्यावर म्हणाली, "मले दिवस गेले आहेत, शालू. मागच्या बारीले राहिलं नाही. आता मी कुठंच येत नाही."

शालूताईने तिचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. मला तिच्यासाठी वाईट वाटलं. पण आता गोलात कोण, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं.

"ही कोन्या जागी खेळते?" विमलताईने माझ्याकडे मान वळवली.

"मी खरी गोलकीपर नाही," मी घाईने म्हणाले.

"मंग इतके पॅड कायले आनले?"

रात्री आम्ही तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी परतीची बस नव्हे, बांधी. आमच्याकडून खुंट उपटवून तिने थोडी जागा साफ करून घेतली, दोन काठ्या रोवून गोल केला आणि स्वतः बांधावर बसली. शालूताई मारायची, मी अडवायची. खरं तर मी चुकवायची. थोड्या वेळाने विमलताई ओरडली, "पोट्टे, तू डोळे मिटून राहिली!"

"भीती वाटते."

"मलेही वाटे. गोलात उभी राहून वाट पाहिली की भीती वाढते. पुढं ये. तू जितकी पुढं येशील तितका तिले गोल लहान दिसते. तिलेच भिऊ दे."

मी पुढे आले. चेंडू मांडीवर लागला, जीव कळवळला. पण डोळे उघडे होते. विमलताई बांधावर उभी राहून टाळ्या वाजवू लागली. तेवढ्यात सासूबाई मागून आल्या आणि तिला दंडाला धरून खाली बसवलं. "तू बस वं! मी वाजवतो टाळ्या." आणि खरंच वाजवल्या, प्रत्येक चेंडूला, गोल झाला तरी.

संध्याकाळी चुलीपाशी विमलताईने त्यांच्या वेळच्या कपच्या गोष्टी सांगितल्या. पॅसेंजरने केलेले लांबलचक प्रवास, शाळांच्या वर्गांत बाकं सरकवून झोपणं, मॅच पाहायला मुली कमी आणि गाई जास्त. सेमीफायनल हरल्यावर ती टेबलावर ठेवलेल्या कपपाशी गेली आणि तिथल्या बाईंना म्हणाली, एकदा हातात घेऊ द्या. त्यांनी दिला. "मले वाटलं लई जड असन," विमलताई म्हणाली. "हलकाच होता. आत धूळ होती थोडी. बाहीनं पुसून ठेवला." आणि ती इतकी हसली की सासूबाईही हसायला लागल्या.

निघताना विमलताई आणि सासूबाई स्टँडपर्यंत आल्या. पोत्याला विमलताईने हातही लावला नाही. सासूबाईंनीच ते गाडीत चढवलं.

घरी आले तर आईने दारातच विचारलं, "आणली का तिला?"

"नाही. मीच खेळणार आहे."

आईने माझ्या मांडीवरची काळीनिळी खूण पाहिली आणि हळद आणायला आत गेली.

कपला आम्ही पहिली मॅच जिंकलो, दुसरी एका गोलने हरलो. या स्पर्धेचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात जिंकणारे संघ असतील, आणि असायलाच हवेत. आमच्या वाट्याला एखादी ओळ येईल किंवा तीही नाही. माझ्यापुरता तो कप मात्र अड्याळच्या बांधीत सुरू होतो, जिथे खेळू न शकणाऱ्या एका बाईने आपली जागा मला दिली.

उन्हाळ्यात आम्ही नागपूरला सराव करत असताना मैदानाच्या कडेला एक माणूस मोटारसायकल लावून उभा राहिला. धुळीने माखलेला, हातात पेढ्यांचा पुडा. आम्ही सगळ्या त्याच्याभोवती जमलो.

"मी विमलचा मालक. वरठीहून आलो," तो लाजत म्हणाला. "पोरगी झाली. दोघी चांगल्या आहेत. पयला पेढा गोलकीपरले द्यायचा, असं सांगितलं हाये तिनं. कोन हाये तुमच्यातली?"

"मी," मी म्हणाले, आणि हात पुढे केला.