जगली म्हणून

ओल्या चुन्याचा वास आला की मला भोकरकडचं ते डुकरांचं शेड आठवतं. तेव्हा मी नांदेडला जनावरांची डॉक्टर होते. शेजारच्या गावात डुकरं तापानं मेली, म्हणून आम्ही त्या शेडमधल्या डुकरांचं रक्त तपासायला नेलं. खरं तर ती सगळी धडधाकट दिसत होती. रिपोर्ट आला, तर रक्तात त्या तापाच्या विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं सापडली. मी मालकीणबाईंना समजावलं, की रोग येऊन गेलाय आणि यांच्या शरीरानं त्याच्याशी झुंज दिलीय. त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी जगली की ओ मॅडम!" मग मला पुढचं सांगावंच लागलं, की वाचलेलं डुक्करही रोग पसरवू शकतं, म्हणून सगळी मारावी लागतील. "जगली म्हून मारायचं व्हय?" बाई एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शेडमागे खड्डा खणला, चुन्याच्या गोण्या उतरल्या. अनोळखी माणसं पाहून थोरली गाभण डुकरीण कोपऱ्यात दडली, काही केल्या उठेना. एकानं काठी उचलली तशा बाई पुढं आल्या. "मारू नगा तिला. म्या बोलावते." त्यांनी रोजच्यासारखी हाक घातली, "ये गं माय, ये," आणि ती जड पोटानं दुडक्या चालीत त्यांच्याकडे आली. मागच्या साली बाई भोकरच्या बाजारात भेटल्या. त्यांनी मला ओळखलं, बळंच चहा पाजला. आता काय पाळता, हे मला विचारायचं होतं. विचारवलं नाही.