तगरची धुतलेली खापरं

आमचे अप्पा लातूरला शाळेत इतिहास शिकवायचे आणि रविवारी एसटीनं तेरला जायचे. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी तिथलं कापड बैलगाड्यांतून पैठणला जायचं, पुढं भडोचच्या बंदरात आणि तिथून जहाजानं पार रोमकडं. अप्पा हे आल्यागेल्याला सांगायचे. पाहुणा चहा संपवून उठायचा तरी बैलगाडी पैठणला पोचलेली नसायची!

तेरच्या शेतांत नांगर फिरला की खापरं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर यायचे. अप्पा ते पिशवीतून आणायचे आणि प्रत्येकाच्या पाठीवर बारीक अक्षरांत शाईनं लिहायचे: कुणाचं शेत, बांधापासून किती पावलं, किती खोल. वर्षानुवर्षं हाच उद्योग. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. "अप्पा, रोमवाले जेवून झोपले, आता तुम्ही तरी उठा," असं मी चिडवायचे.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या भिंतीला नुसती चीर गेली, पण अप्पांची फळी कोसळली आणि खापरं मातीत गेली. अप्पा त्याच सकाळी इतर मास्तरांबरोबर पडलेल्या गावांकडं निघून गेले. आठवडाभर तिकडंच. मढी उपसून माणूस घरी येणार, निदान त्याची खोली तरी लखलखीत दिसावी, म्हणून मी सगळी खापरं अंगणात नेली आणि राखेनं, काथ्यानं भांड्यांसारखी घासली. अक्षरं जाताना दिसत होती मला. पण मास्तर माणूस, वहीत उतरवलेलं असणारच, असं मी धरून चालले. काय अक्कल माझी!

अप्पा आले, दारातच बसले. एकेक खापर उलटंपालटं करून पाहिलं.

"चकचकीत केलंस गं."

"वहीत लिहिलंय ना, अप्पा?"

"वही न्हाई केली," म्हणाले आणि अंघोळीला गेले. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. घरोघरी कॉट टाकून डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी राहू लागल्या. मीही एका क्लासात जीवशास्त्र शिकवायला लागले होते. आमचीही एक खोली द्यायची ठरली, आणि रिकामी करण्याजोगी खोली एकच होती. अप्पा आपणहून म्हणाले, "संग्रहालयात देऊन टाकू."

पिशव्या घेऊन मी बरोबर गेले. तिथल्या बाईंनी खापरं फार मायेनं हाताळली. मग म्हणाल्या, "सर, कुठं काय सापडलं त्याची नोंद? त्याशिवाय आम्हाला काहीच सांगता येत नाही हो."

"नोंदी होत्या. मीच धुऊन टाकल्या," अप्पा म्हणाले.

बाई चमकल्या. "इतिहासाचे शिक्षक ना तुम्ही?"

"हाव," म्हणून अप्पांनी मान खाली घातली.

मी शेजारीच उभी होते. क्लासात माईक लावून दोनशे पोरांपुढं बोलणारी बाई मी, पण माझं तोंड उघडलं नाही. अप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या बाईंच्या लेखी मात्र तगर धुऊन टाकणारा मास्तर म्हणजे माझे अप्पाच.