चारडोळ्याचा नंबर

आमच्या रघूला सगळं ओरिजिनल लागतं. रघू म्हणजे माझा धाकटा दीर. केस काळे, पण ते त्याची बायको वासंती पंधरवड्याला काळे करून देते म्हणून. दात ठाण्याच्या डॉक्टरनं बसवलेले, एक गुडघा स्टीलचा. भाताची खाचरं बिल्डरला दिली, आणि डोंबिवलीच्या खाडीकाठी जिथं आमचं घर होतं तिथं आता टॉवर आहे. त्याचं इंग्रजी नाव रघूच्या जिभेवर अजून बसत नाही. पण कुणी विचारलं की छाती काढून सांगतो, "आम्ही इथले ओरिजिनल."

ह्या रघूची एक फियाट आहे. म्हणजे माझ्या सासऱ्यांची. गावातली पहिली गाडी. सासरे तिला बैलासारखं थोपटायचे आणि मगच आत बसायचे. रघू तरणाताठा होता तेव्हा त्याला रेतीच्या धंद्याचं वेड लागलं. बापूस एकविरेला गेला, तेवढ्यात ह्यानं फियाटचं इंजिन उपटून रेतीच्या बोटीवर पंपाला जोडलं आणि गाडीत टेम्पोचं इंजिन कोंबलं. सासरे परत आले, गाडीचा धडधडाट ऐकला. म्हणाले, "रघ्या, गाडी माझी नि आवाज कुणाचा रे?" त्यानंतर ते त्या गाडीत बसले नाहीत. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात न्यायलाही रिक्षा बोलावायला लावली.

रेतीत कुणाचं भलं झालंय? वर्षभरात बोटीवरचं ते इंजिन मेलं. रघू खोपटच्या एसटी डेपोत कामाला लागला, ठाण्यात राहिला, आणि जमिनीला भाव आल्यावर गावात परतला. ओरिजिनल असल्याचं त्याला तेव्हाच आठवलं.

मागच्या वर्षी ठाण्यात जुन्या गाड्यांचा मेळावा भरला. रघू फेटा बांधून, फियाटला झेंडूची माळ घालून गेला. तपासणाऱ्या पोरानं बॉनेट उघडलं नि हसतच सुटला. "काका, ही वरून फियाट आहे, आतून टेम्पो आहे!" चार लोक हसले. रघू घरी आला तो जेवलाच नाही. वासंती म्हणाली, "हसले तर हसले, त्यात काय?" तर म्हणतो, "बापूसपण हेच बोलला होता."

तेव्हापासून रघू गाडीच्या जुन्या इंजिनाचा नंबर जपासारखा पुटपुटत फिरायला लागला. त्यानं नवसही केला, चारडोळ्याला. चारडोळ्या म्हणजे आमच्या खाडीच्या बांधावरचा देव. शेंदरानं लालभडक, आणि समोर एका ओळीत चार गोल डोळे. टॉवरवाल्यांनी त्याला पत्र्याची शेड, फरशी, घंटा सगळं केलंय, आणि रघू देवस्थानचा अध्यक्ष. "देवा," म्हणाला, "बापसाच्या गाडीला ओरिजिनल मिळवून दे, तुला चांदीचे चार डोळे बसवीन."

मग एक दिवस घरात भडका उडाला. वासंतीनं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. "वयनी, हा आंबिवलीला ब्लॉक घेतोय!" ती माझ्याकडे रडत आली. "ओरिजिनल ब्लॉक, जुना पण मजबूत, असं कुणाला तरी सांगत होता. ह्या वयात आंबिवलीला ब्लॉक कुणासाठी?"

आता आमच्या पिढीला ब्लॉक म्हणजे फ्लॅट. मी रघूला धरलं. तो म्हणाला, "वयनी, तूच चल नि बघ. तुझा हात लागला की काम होतं." मी नारळ घेतला, हळदकुंकू घेतलं, उतू घालायला दुधाची पिशवी घेतली. म्हटलं, बाई असेल तर तीही बघून येऊ.

आंबिवलीला टेम्पोच्या आवाजात पोचलो. भंगाराचं गोडाऊन. हरिहर नावाचा माणूस बनियनवर पुढे आला.

"किचन कुठल्या अंगाला हाय?" मी विचारलं.

हरिहरनं रघूकडे बघितलं. रघूनं आभाळाकडे बघितलं. "वयनी, ब्लॉक म्हंजे इंजिनाचं धड. लोखंडाचं. त्याच्यावर नंबर ठोकलेला असतो."

"मंग घरात तसं सांगायला तुझी जीभ झडली होती?"

हरिहरनं मध्येच गोणपाट ओढून काढलं. "बघा काका. कंपनीचा माल. एकदम ओरिजिनल."

"नंबर?" रघू खाली वाकला.

"तुमचा काय नंबर आहे?"

रघूनं सांगितला.

"उद्या तोच ठोकून देतो."

"म्हंजे?"

"म्हणजे तुमचा ओरिजिनल नंबर. पॉलिश मारू, मेळाव्याच्या बापाला कळणार नाही."

आमचा रघू असा, की एवढ्यावरही त्याची मान हलायला लागली. पण माझं लक्ष त्या लोखंडाकडे होतं. एका ओळीत चार गोल भोकं. माझे हात आपोआप जोडले गेले, आणि मग जे हसू फुटलं ते दुधाची पिशवी हातातून पडली तरी थांबेना.

"वयनी, भंगाराच्या पाया कशाला पडतंस?"

"रघू, ह्याला शेंदूर फासलेला डोळ्यांपुढे आण बघू."

 मग मी सांगितलं. इतकी वर्षं हात जोडून जोडून मीही विसरले होते. तू खोपटला होतास तेव्हा तुझ्या भावानं त्या मेलेल्या इंजिनाचं धड ढकलत बांधावर नेलं, होडीचा दोर बांधायला. दसऱ्याला सासूबाई कोयत्याला, वल्ह्याला हळदकुंकू लावत गेल्या, त्यात त्यालाही लावलं. अवजार ते अवजार. पुढच्या वर्षीही लावलं. मिठागरातल्या बायकांनी फूल बघून हात जोडले. कुणी शेंदूर आणला. होडी गेली, देव राहिला.

रघू टायरवर बसला. "म्हंजे मी ब्लॉक मिळू दे म्हणून ज्याच्यापुढं नवस केला..."

"तोच ब्लॉक. बिचारा काय बोलणार?"

हरिहरला रघू म्हणाला, "फोन करून सांगतो." 

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी जाहीर केलं, देवाचं जुनं शेंदराचं कवच उतरवायचंय. तेल चोळून चोळून एका अंगाचा शेंदूर सुटला. खाली लोखंड, आणि त्यावर नंबर. रघूनं अंगठ्यानं एकेक आकडा चाचपला. तोच.

"वयनी," हळूच म्हणाला, "हा बसवला तर बापूस बसेल गं गाडीत."

तेवढ्यात टॉवरमधली वर्षाली आरतीचं ताट घेऊन आली. "काका, जपून हं. आमच्या यज्ञेशचा व्हिसा ह्या देवांनीच करून दिला." तिच्या मागे आणखी दोघीतिघी. एकीनं नंबर बघून लगेच फोटो काढला. "काका, हे काय लिहिलंय?"

"देवाचं नाव," रघू म्हणाला. अध्यक्ष म्हणून एवढं एकच वाक्य तो खरं बोलला असेल.

तेवढ्यात हरिहरचा फोन. "काका, ठोकू का नंबर? गिऱ्हाईक दुसरं पण आहे."

रघूनं देवाकडे बघितलं. बायका घंटा बडवत होत्या. चार डोळे सरळ समोर बघत होते. बापसाच्या नावावर खोटा नंबर ठोकायचा, की खरा नंबर ह्या बायकांच्या हातून काढून घ्यायचा? 

"नको," तो म्हणाला. "आमचा ओरिजिनल मिळाला."

"कुठे आहे?"

"कामावर हाय."

यंदाच्या मेळाव्याच्या दिवशी रघू ठाण्याला गेला नाही. फेटाही बांधला नाही. वासंतीनं सासऱ्यांचा भिंतीवरचा फोटो पुसून दिला, तो त्यानं फियाटच्या मागच्या सीटवर ठेवला. गाडी चालू केली नाही, सासऱ्यांच्या कानावर तो टेम्पोचा आवाज नको म्हणून. आम्ही दोघी जावांनी मागून ढकलली, स्टीलचा गुडघा आत बसून स्टेअरिंग वळवत होता. बांधावर चारडोळ्यासमोर, शेडच्या सावलीत गाडी लावली.  मग रघूही मागे जाऊन फोटोशेजारी बसला, दुपारपर्यंत.

गाडी अजून तिथंच आहे. परवा आम्ही बघतो तर बॉनेटला कुणीतरी हळदकुंकू लावून, वर जास्वंद ठेवून गेलेलं.

"वयनी," रघू म्हणाला, "पुसू का गं?"

म्हटलं, "राहू दे. आता गाडीचाही नंबर लागलाय."