राहिलेलं आमीन

बनी पार्कमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर माझे विमा कार्यालयातले एक सहकारी राहतात. रमजानात एका संध्याकाळी त्यांच्याकडे रोजा सोडायला जायचं आणि गोष्टी सांगता सांगता निम्मी भजी मीच फस्त करायची, ही आमची जुनी पद्धत. यंदा त्यांनी मला जिन्यातच अडवलं.

"भाईसाहब, आज गंमत जरा बेतानं. मुलगी आमीन म्हणत नाहीये."

मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. त्यांच्या घरी रोजा सोडताना वडील मोठ्यानं दुआ मागतात, बाकीचे आमीन म्हणतात. उत्क्रांती शिकल्यापासून मनात गोंधळ आहे, मनात नसलेलं तोंडानं म्हणणार नाही, असं तिनं सांगून टाकलं होतं. पोरगी हातातून चालली, या धास्तीनं ते खंगले होते.

पण बेतानं वागणं मला कुठलं जमायला? जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानापाशी बसताच मी मासा, कासव, वराह असे आमचे अवतार हातवाऱ्यांसकट सादर केले. "बघ, आमच्या देवानं तुझी उत्क्रांती आधीच करून दाखवलीय."

"अंकल, एकच देव वेष बदलतो. याला उत्क्रांती नाही म्हणत."

माझं नाटक पडलं.

वडील खजुरांची बशी सारखी करत म्हणाले, "बेटा, आपले जुने विद्वान सांगायचे, कापसाला आग जाळत नाही, अल्लाह जाळतो. आगीतून जाळणं ही त्याची नेहमीची रीत. जनावरं बदलत गेली, तीही त्याचीच रीत. घोडा घे, देवमासा घे, मला मंजूर. फक्त आदमला सोड, त्याला अल्लाहनं थेट घडवला."

"माणसापाशी येऊन तो रीत का मोडेल, अब्बा?"

"मोडू शकतो म्हणून."

"शकतो. पण मोडली, असं जमिनीत सापडलेल्या हाडांत दिसत नाही."

रोजा सोडायची वेळ झाली, वडिलांनी हात उचलून दुआ मागितली. तिची आई हळूच आमीन म्हणाली. मुलीचं आमीन आलं नाही. अजान सुरू झाली तरी वडिलांचे हात वरच.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी वर्षानुवर्षं नाटकं केली आहेत. कुणाचं वाक्य राहिलं की माझ्या जिभेला खाज सुटते. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आमीन."

कुणी हसलं नाही.

"अंकल, ते माझं होतं," ती म्हणाली. "मी अजून विचार करत होते."

"कर," वडील म्हणाले. हात मात्र त्यांनी खाली घेतले नाहीत. भजी निवत गेली.