छतातले चार हूक

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. तिची मुलगी रिया इथे मॅसॅच्युसेट्समध्येच जन्मलेली, मराठी जपून जपून बोलणारी. “मावशी, आई गेली... रात्री झोपेतच,” एवढं म्हणाली आणि तिथं तिचं मराठी संपलं. पुढचं सगळं इंग्रजीत हुंदक्यांसकट आलं. त्याला आता काही आठवडे झाले. फ्युनरल होममध्ये बुद्धवंदना झाली तेव्हा सहज मागे वळून पाहिलं. जमलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांची घरं वसुधाच्या नजरेखालून गेलेली होती. आमच्या श्रूजबरी गावातल्या मराठी माणसाचं घर म्हटलं की वसुधा आलीच.

आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेताना-विकताना सहसा वकील धरतात. घराचा मागचा इतिहास तपासायचा, करार करायचा, सह्या घ्यायच्या, सरकारदरबारी नोंद करायची आणि मग चावी हातात द्यायची, हे त्याचं काम. वसुधा नागपूरला वकिली शिकली होती आणि इथं येऊन तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. एका डेंटिस्टच्या वर तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि खालून सतत ड्रिलचा आवाज. “खाली दात उपटतात, वर मी शंका उपटते,” असं म्हणायची. तिला शंका विचारायला ऑफिस कशाला लागतंय? दिवाळीच्या कार्यक्रमात बाई हातात ताट घेऊन उभी राहिली की लोक घेरायचेच. “काकू, वकील लागतोच का?” “सगळं सुरळीत होणार असेल तर नाही लागत. तुमचं होणार आहे का?” “टायटल क्लिअर म्हणजे काय हो?” “म्हणजे तुम्ही राहायला गेल्यावर कोणी दार वाजवून, हे माझ्या आज्याचं घर आहे, असं म्हणणार नाही.” आणि दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, मुहूर्त सकाळचा आहे, चावी आदल्या दिवशी मिळेल का? ती स्वतः मुहूर्त मानत नव्हती, पण मानणाऱ्याला हसतही नव्हती. फक्त म्हणायची, “नोंद झाल्यानंतरचा शोधा. दुसऱ्याच्या घरात दूध उतू घालवून राहिले का बाप्पा?”

माझी पाळी आली ती नंदामुळे. नंदा आणि शिरीष हे माझे इथले सगळ्यात जुने स्नेही. मुलाजवळ राहायचं म्हणून त्यांनी दूर दक्षिणेतल्या कॅरी गावी जायचं ठरवलं आणि त्यांचं घर मी घ्यायचं, हे चहा गाळून होईपर्यंत ठरूनही गेलं. मला ते घर का हवं होतं, ते मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं. आई तेव्हा माझ्याकडे असायची, सगळे तिला आजीच म्हणायचे. तिला नावं आठवत नसत, वार आठवत नसत, कधीकधी मीही आठवत नसे. पण नंदाच्या हॉलमधल्या झोपाळ्यावर बसवलं की तिचा पाय आपोआप जमिनीला रेटा द्यायचा आणि ओव्या सुरू व्हायच्या, एकही शब्द न चुकता. मला घर नको होतं, मला ती आई हवी होती.

“वकील एकच करू, वसुधा घरचीच आहे,” असं आम्ही दोघींनी परस्पर ठरवलं. आपलं माणूस म्हणजे दोन्ही बाजूंचं, अशी आपल्या लोकांची गोड समजूत असते. वसुधानं ती जागच्या जागी मोडून काढली. “एका ताटात जेवा, वकील मात्र दोन करा.” नंदानं आधी फोन केला होता, म्हणून ती नंदाची वकील झाली. मला तिनं जवळच्या वुस्टर शहरातल्या एका म्हाताऱ्या वकिलाचा नंबर दिला.

“म्हणजे तू माझ्या विरुद्ध?” मी विचारलं.

“विरुद्ध नाही सुमन. समोर.”

तिची एक सवय होती. विकणाऱ्याच्या घरी ती स्वतः जायची आणि मान वर करून छत बघायची. “लोक किचन बघतात, बाथरूम बघतात. भांडणं वर टांगलेली असतात,” असं तिचं म्हणणं. घराला जे पक्कं बसवलेलं असतं ते घराबरोबर जातं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. झुंबर जातं, तसाच झोपाळाही जातो. आणि तो झोपाळा नंदाच्या बाबांनी तिच्या लग्नात करून दिलेला, सागवानी, पितळी कड्यांचा, बोटीनं आलेला. नंदा भिडेपोटी बोलली नाही की मी तो नेणार. मीही भिडेपोटी बोलले नाही की मला तोच हवाय. वसुधानं नंदाला सरळ विचारलं, नंदा रडली, आणि करारात ओळ आली : झोपाळा विक्रीत नाही.

माझ्या वकिलाला आधी झोपाळा समजावून सांगावा लागला. “हॉलमध्ये? घराच्या आत?” असं तो दोनदा विचारत होता. माझं डोकं फिरलं होतं. मी थेट वसुधाला फोन लावला.

“सुमन, तू समोरची पक्षकार, मला तुझ्याशी यावर बोलता येत नाही. तुझ्या वकिलाला बोलू दे.”

“अगं, मी काय परकी आहे?”

“मला बोलता येत नाही. पण नंदाशी बोलायला तुला वकील कशाला लागतो?” आणि तिनं फोन ठेवला.

मी दोन दिवस धुमसले. मग आईला गाडीत घातलं आणि नंदाकडे गेले. दार उघडल्याबरोबर आई चपला न काढता झोपाळ्यावर जाऊन बसली. पाय हलायला लागला. मी म्हटलं, “नंदा, मला हा हवाय. आईसाठी.” नंदा बराच वेळ कडीला हात लावून उभी राहिली. “बाबांचा आहे गं तो...” म्हणाली, आणि मग आईच्या शेजारी बसत म्हणाली, “आजी आहेत तोवर राहू दे. मग मी नेईन.” आम्ही दोघी पोटभर रडलो. आई ओवी म्हणत होती.

हे लिहायची काय गरज, आम्ही काय पळून जाणार आहोत, असं मला वाटलं. माझ्या वकिलामार्फत वसुधाचा निरोप आला : लिहिल्याशिवाय नंदा सही करणार नाही. आईच्या मरणाची तारीख करारात घालायची की काय, या विचारानं मला शहारे आले होते. पण वसुधानं घातलेलं वाक्य वेगळंच होतं. आजी झोका घेत असतील तोवर झोपाळा इथे, नंतर नंदाचा. त्यात मरण कुठेच नव्हतं. मी त्या एका वाक्यासाठी तिची जन्मभर ऋणी आहे, आणि हे तिला तोंडावर सांगितलंही होतं. “बिलात लावलंय ते,” असं उत्तर मिळालं.

आईनं त्यानंतर तीन हिवाळे झोका घेतला. ती गेल्यावर मी स्वतः नंदाला फोन केला. लिहिलेलं नसतं तर नंदानं कधी मागितला नसता आणि मी कधी दिला नसता. दोघींच्याही मनात अढी बसली असती आणि भेटल्यावर आम्ही हवापाण्यावर बोललो असतो. शिरीष व्हॅन घेऊन आला, झोपाळा गेला. मला वाईट वाटलं, पण सल राहिला नाही. वसुधा त्या दिवशी मुद्दाम आली होती. व्हॅन वळणावर दिसेनाशी झाली, आम्ही हॉलमध्ये आलो, आणि तिनं सवयीनं मान वर केली.

“हूक राहिले की.”

“करारात झोपाळा लिहिला होतास, हुकांचं काही नव्हतं.”

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. “मग घराला जडलेलं ते घराचं. तुझे झाले बाप्पा.” पुढे जेव्हा जेव्हा यायची तेव्हा आधी वर बघायची, मग माझ्याकडे.

रियाचा फोन ठेवल्यावर मी भेंडी तशीच टाकून हॉलमध्ये आले आणि कॅरीला फोन लावला. नंदा झोपाळ्यावर होती. फोनमधून कुरकुर ऐकू येत होती. मी म्हटलं, “वसुधा गेली गं.” कुरकुर थांबली.

“कुठे बसलीयस?” नंदानं विचारलं.

“हॉलमध्ये.”

“वर बघ.”

मी वरच बघत होते.