फिरंगी गेले, मग हा कोण?

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. काळेवाडीतल्या त्या म्हाताऱ्याची घटना मात्र आजही आठवते, आणि आठवली की मला माझ्याच वर्दीची भीती वाटते.

दुपारी ठाण्यात एका बाईंचा फोन आला. त्यांनी नाव सांगितलं नाही. "खालच्या फ्लॅटमधले आजोबा रोज ओरडतात हो. 'सोडा, हात सोडा' म्हणतात. मुलगा काहीतरी करतो बहुतेक." स्टेशन डायरीला नोंद केली आणि संध्याकाळी दोन अंमलदार घेऊन मी तिथे गेलो.

दार सुनेने उघडलं. ती शिक्षिका, नवरा चाकणला कंपनीत इंजिनिअर. दोघं दिवसभर बाहेर, म्हणून आजोबांसाठी एक मदतनीस ठेवलेला, सकाळी आठ ते रात्री आठ. चाळिशीचा, अदबशीर माणूस. मी आत पाऊल टाकलं मात्र, पलंगावरच्या आजोबांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. त्यांचं धोतर भिजलं.

"मारा," ते म्हणाले. "नावं न्हाई सांगणार."

आजोबा मूळचे मावळातले, वय ऐंशीच्या पुढे. मुलाने सांगितलं, की बाबा तरुणपणी गोव्याच्या सत्याग्रहात गेले होते. हातात शस्त्र नाही, नुसता झेंडा, आणि समोर पोर्तुगीज शिपाई. पकडले गेले, कोठडीत दिवसचे दिवस मार खाल्ला, पण सोबत्यांची नावं दिली नाहीत. आता स्मृती गेली होती. नातवाचं नाव आठवत नव्हतं, कोठडी तेवढी आठवत होती.

त्यांच्या दोन्ही मनगटांवर काळेनिळे वळ होते. "दारावर हात आपटतात," मुलगा म्हणाला. मदतनीस मला हळूच बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. पण दादांचा हात जरा जड आहे."

मी मुलाला ठाण्यात आणलं. दोन तास चौकशी केली, आणि सौम्य केली नाही. तो थरथरत होता. मला वाटलं, गुन्हेगाराची भीती आहे. शेवटी तो रडायला लागला.

"बाबा रोज सांगायचे, फिरंगी येतो, हात बांधतो. डॉक्टर म्हणाले होते, जुन्या आठवणी वर येतात. मग मी ऐकणंच सोडलं, साहेब."

त्याला घरी पाठवलं, पण 'हात बांधतो' हे शब्द डोक्यातून जाईनात. कारण ते वळ आठवणीतले नव्हते, ताजे होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी साध्या कपड्यांत गेलो. सोबत आमच्या ठाण्यातली महिला हवालदार होती, गोव्याच्या हद्दीजवळच्या बांद्याची. मदतनिसाला अंमलदाराबरोबर खाली जबाब लिहायला धाडलं. हवालदार आजोबांच्या पायाशी जमिनीवर बसली.

"आजोबांनू, गोवा सुटलो."

आजोबा हसले. "आसंच सांगतात. समदं संपलं म्हनतात, म्हंजी मानूस नावं वकतो."

त्यांचं खरंच होतं. आरोपीला आम्हीही तेच सांगतो.

ती घाबरली नाही, घाईही केली नाही. घरच्यासारखी बोलत राहिली. "माझा माहेर बांद्याक. मावशी थंय गोव्यात दिलेली. एस्टीत बसतव आणि जातव. हद्दीर कोण अडवणा नाय."

"गोळी न्हाई घालत?"

"कोण घालतलो? फिरंगी गेले. बोटीत बसान गेले."

आजोबांनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला.

"फिरंगी गेले? मग घरात ह्यो कोन हाय, जो मला बांधतो?"

दाराशी उभ्या सुनेने तोंडावर हात ठेवला.

दिवसभर आजोबांजवळ एकटा मदतनीसच असायचा, त्यामुळे पुढचं काम सोपं होतं. मदतनिसाच्या पिशवीत एका कारखान्याचं ओळखपत्र सापडलं. तळवड्यातल्या त्या कारखान्याच्या हजेरीपटात कित्येक दिवस दुपारपर्यंत त्याची हजेरी होती. आजोबांना झोपेची गोळी देऊन, हात पलंगाला बांधून तो तिथे दुसरी नोकरी करत होता. गोळीचा अंमल उतरला की आजोबा ओरडत. "मारलं नाही साहेब, फक्त बांधायचो," हा त्याचा कबुलीजबाब. पंचनाम्यात आजोबांच्याच गादीखाली लपवून ठेवलेला सुती पट्टा जप्त केला.

मुलाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी मीच मागायला पाहिजे, पण ज्यांची मागायची त्यांना ती कळणार नाही."

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. घाबरलेला माणूस साल चुकेल, नाव चुकेल, पण बांधलेले हात तो चुकत नाही. त्यानंतर कुठल्याही वेड्यावाकड्या तक्रारीवर 'दखल नाही' असा शेरा मारायला माझा हात धजावला नाही. दुसरं म्हणजे, परकं सरकार एका दिवसात जातं, पण त्याने बसवलेली भीती अंगातून निघायला एक आयुष्यही पुरत नाही.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेलो. मुलाने सकाळची पाळी सोडून दुपारची घेतली होती. म्हणाला, रोज सकाळी बाबांना गोवा सुटल्याचं नव्याने सांगावं लागतं. रोज ते आधी विश्वास ठेवत नाहीत, मग लहान मुलासारखे रडतात, आणि विचारतात, "बाकीचे? समदे सुटलं का?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, समदे सुटले बाबा. तुम्हीच राहिला होता."