शेळीला आवतण

बहात्तरच्या दुष्काळात मी मिरजगावपासून आडबाजूला असलेल्या एका गावात मास्तर होतो. एकशिक्षकी शाळा. मला दिवसाआड थंडी वाजून ताप भरायचा, आणि तो भरला की शाळेला सुट्टी. त्यामुळे माझ्या तापाची पाळी गावातल्या पोरांना माझ्याआधी ठाऊक असायची. माझी तब्येत इतक्या आपुलकीनं पुढं कुणीच विचारली नाही.

तापासाठी गावात एकच दार होतं, वैदबाबांचं. बाबा मूळचे शेतकरी, पण त्या साली त्यांच्या रानात ढेकळांशिवाय काही नव्हतं. औषधाचा पैसा घेतला तर हाताचा गुण जातो, म्हणून ते पैसा घेत नसत. मात्र त्यांना ओट्यावर माणसं लागत. सकाळी चार-दोन आजारी येऊन बसलेले दिसले की बाबांची कळी खुलायची. दुष्काळानं बाकी सगळं नेलं होतं. हाताचा गुण आणि त्यासाठी दाराशी येणारी माणसं, एवढंच त्यांच्याकडं उरलं होतं. हे मला समजत होतं, तरी त्यांचा रागही यायचा. गुळवेल आणि किराईत उकळून आटवलेला त्यांचा काढा मला प्यावा लागायचा, आणि त्यापेक्षा ताप बरा असं माझं प्रामाणिक मत होतं.

काढ्यानं ताप हटेना, तेव्हा बाबा म्हणाले, "आता आघाड्याची मुळी बांधायला लागंल, गुरुजी. आइतवारी."

ही मुळी दंडाला बांधायची. पण नुसती उपटून आणलेली चालत नाही. औषधाला आदल्या दिवशी आवतण द्यावं लागतं, लग्नाला पाहुण्यांना देतात तसं. शनिवारी संध्याकाळी झाडापुढं हळदीच्या अक्षता ठेवून "उद्या न्यायला येतो, गुण दे" म्हणायचं, आणि रविवारी दिवस उगवायच्या आत, कुणाशी न बोलता उपटून आणायचं. बिनबोलावता आणलेली वनस्पती येते, पण गुण मागं ठेवून येते, असं बाबांचं म्हणणं.

त्या साली शिवारात हिरवं पान औषधालाही उरलं नव्हतं. शाळेच्या मागं पाण्याचा रांजण पाझरायचा, तिथं आघाड्याचं एकुलतं झुडूप तग धरून होतं. शनिवारी बाबांनी त्याला रीतसर आवतण दिलं. रविवारी पहाटे आम्ही दोघं तोंडाला कुलूप लावून तिथं गेलो, तर झुडपाच्या जागी माझ्या शेजारणीची शेळी उभी. ओल्या मातीतून तिनं झुडूप मुळासकट उपसलं होतं आणि शेवटची काडी चघळत होती. बोलायचं नाही म्हणून आम्ही गुपचूप तिच्याकडं बघत राहिलो. शेळीला तो नियम लागू नव्हता. ती मोठ्यानं ओरडली.

आवाजानं शेजारीण धावत आली. विधवा बाई, फाट्यावरच्या हॉटेलला शेळीचं दूध घालून पोट भरायची. "बाबा, मुकं जनावर हाय वो. त्याला काय बोलू नगा," ती काकुळतीनं म्हणाली. मागोमाग आणखी माणसं जमली.

आवतण दिलेलं औषध शेळीनं खाल्लं, म्हणजे बाबांचा गुण गेला, हे गाव आता म्हणणारच होतं. बाबांनी घटकाभर डोळे मिटले आणि उघडून म्हणाले, "आवतान दिल्यालं औषद हाय. पोटात गेलं म्हून गुन जातोय व्हय? दुधात उतरंल. गुरुजी, आठ दिस हिचं दूध घ्या."

असला हजरजबाबीपणा मी शिक्षण खात्यातही पाहिला नाही.

त्याच आठवड्यात सरकारी मलेरियावाला सायकलवरून आला, माझं बोट टोचून रक्त घेतलं आणि चारचौघांत मला गोळ्या दिल्या. मी त्या शेळीच्या दुधाबरोबर गिळल्या. ताप गेला. गोळ्यांनी गेला, असं मी घसा फोडून सांगितलं. गाव म्हणालं, "गोळ्या लई गरम. शेळीच्या दुधानं निवल्या म्हून गुरुजी वाचले."

मग ज्याला ताप येई तो थेट शेळीकडं जाऊ लागला. कडू काढा कोण पितो? शेजारीण बाभळीच्या शेंगा घालून शेळीची बडदास्त ठेवू लागली. हॉटेलातला चहा काळा झाला. आणि बाबांचा ओटा ओस पडला. त्यांनीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. मला आधी हसू यायचं. एका सकाळी ते एकटेच काढ्याचं भांडं ढवळत बसलेले दिसले. प्यायला कुणी नव्हतं, तरी ढवळत होते. फार वाईट वाटलं.

नंतर त्यांनाच ताप आला. एका शनिवारी घोंगडी पांघरून, हातात तांब्या घेऊन ते शेजारणीच्या अंगणात सगळ्यांच्या मागं उभे राहिले. माणसं एकमेकांकडं बघू लागली. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

शेजारणीनं त्यांचा तांब्या घेतला आणि रिकामाच खाली ठेवला.

"आज न्हाई मिळायचं, बाबा. आवतान कुटं दिलंय? इतके दिस मी येडी बिनआवतानाचंच वाटतीय, म्हून तर कुनाचा ताप जातोय, कुनाचा न्हाई. आन आवतान द्यायला तुमच्याबिगर येतंय कुनाला? आता तुमी दिल्याबिगर मी कुनालाच थेंब देनार न्हाई."

बाबांचे डोळे भरले होते. तापानं, असं त्यांनी नंतर सांगितलं. सांजच्याला त्यांनी शेळीपुढं अक्षता ठेवल्या आणि "उद्या न्यायला येतो, गुण दे" म्हणून हात जोडले. शेळीनं अक्षता खाल्ल्या. रविवारी त्यांनी दूध घेतलं. त्याच्याबरोबर आणखी काय घेतलं ते मी विचारलं नाही, पण मलेरियावाल्याची सायकल त्या दिवशी त्यांच्या ओट्याला टेकलेली मी पाहिली. आठवड्याभरात ओटा पुन्हा भरला.

पुढच्या पावसाळ्यात मला परत हुडहुडी भरली. गोळ्या खिशात होत्या. तरी शनिवारी दुपारी मी मूठभर तांदूळ घेऊन बाबांच्या ओट्यावर गेलो. का गेलो ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

बाबांनी माझा हात हातात घेतला. "गोळ्या हायेत का?"

"आहेत."

"मग आदी त्या घ्या, गुरुजी."

"आणि आवतण?"

"सांजच्याला दिऊ की," बाबांनी तांदूळ ठेवून घेतले. "शेळीबी वाट बगती आता."